पिकअप वाहनातील कंपनाचे निदान

पिकअप वाहन ठराविक वेगाला पोहोचल्यावर सुकाणू, आसन किंवा तळ थरथरू लागणे या दोषाचे मूळ शोधण्याच्या पद्धतीस कंपनाचे निदान म्हणतात. हा दोष बहुधा ताशी ७० ते १०० किलोमीटर वेगात जाणवतो, त्यामुळे गावातील रस्त्यावर तो लपून राहतो. बीड तालुक्यातील नेकनूर हे आठवडी बाजाराचे गाव मांजरसुंबा–केज मार्गावर आहे. तेथून निघालेले वाहन मांजरसुंबा येथे राष्ट्रीय महामार्ग ५२ वर आले आणि वेग वाढला, की असा दोष प्रथम लक्षात येऊ शकतो.

कार्यकारणभाव

फिरत्या चाकाचे वजन सर्व बाजूंना सारखे नसल्यास केंद्रोत्सारी बल निर्माण होते. हे बल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग दुप्पट झाल्यास ते चौपट होते. रिमच्या कडेला ३० ग्रॅमचा फरक असल्यास ताशी ८० किलोमीटर वेगात सुमारे अडीच किलो वजनाइतका झटका प्रत्येक फेऱ्यात बसतो. या वेगात चाक सेकंदाला सुमारे १० फेरे घेते. प्रोपेलर शाफ्ट डिफरन्शियलच्या गुणोत्तरानुसार साधारण चौपट फिरतो. म्हणून चाकाच्या दोषाने ठळक हादरे बसतात, तर शाफ्टच्या दोषाने बारीक गुणगुणती थरथर होते.

प्रमुख कारणे

* चाके : बॅलन्सिंगचे वजन गळणे, रिम वाकणे, टायरला फुगा येणे किंवा रिमच्या आतील बाजूस चिखल वाळून बसणे. मराठवाड्यातील काळी चिकण माती पावसाळ्यात अशीच चिकटते. चाक आतून धुणे हा बिनखर्चाचा पहिला उपाय होय.
* शाफ्ट : क्रॉस झिजणे, मधले बेअरिंग सैल होणे, किंवा दुरुस्तीनंतर शाफ्ट मूळ खुणा न जुळवता बसवणे.
* ब्रेक : डिस्कची जाडी असमान होणे.

निदानाचा क्रम

१. प्रथम वाहन उभे करून नट, टायर, हवेचा दाब व बेअरिंगमधील खेळ तपासतात.

२. सुकाणू थरथरल्यास पुढील चाकांचा, आसन व तळ थरथरल्यास मागील चाकांचा किंवा शाफ्टचा संशय घेतात.

३. मोकळ्या, सपाट व सरळ रस्त्यावर इंजिन बंद न करता वाहन न्यूट्रलमध्ये आणतात. थरथर कायम राहिल्यास दोष चाकांत किंवा शाफ्टमध्ये असण्याची शक्यता अधिक. थांबल्यास इंजिन, क्लच किंवा ओढ पडल्यावरच उघड होणारा सांध्याचा दोष तपासतात. घाटात ही चाचणी करू नये.

४. थरथर केवळ ब्रेक दाबल्यावर येत असल्यास डिस्क व ड्रम तपासतात.

५. रिकाम्या व भरलेल्या वाहनातील फरक पाहतात. बोलेरो पिकअप, टाटा योद्धा यांसारख्या वाहनांत मागील चाकांना ओढ आणि मागे पाटे असतात. भाराने पाटे दबल्यावर शाफ्टचा कोन बदलतो व झिजलेला क्रॉस उघड होतो.

गैरसमज व धोका

बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट या भिन्न बाबी आहेत. अलाइनमेंट बिघडल्यास वाहन एका बाजूस ओढते व टायर असमान झिजतो; केवळ त्याने सहसा थरथर होत नाही. त्यामुळे कारण न शोधता केलेल्या अलाइनमेंटचा खर्च वाया जाऊ शकतो. थरथर अचानक सुरू झाल्यास किंवा झपाट्याने वाढल्यास नट सैल असणे वा टायरचे थर सुटणे संभवते. अशा वेळी जोरात ब्रेक न लावता वेग हळूहळू कमी करून वाहन रस्त्याच्या कडेला थांबवणे आवश्यक असते.