कार्बनच्या श्रेणींचा पूर्ववृत्तान्त

सेंद्रिय रेणूतील कार्बनचा अणू अन्य किती कार्बन-अणूंना जोडलेला आहे, एवढ्यावरून त्याचा हुद्दा मुकरर करावयाचा, म्हणजे एकाला जोडलेला तो प्राथमिक, दोघांना तो द्वितीयक आणि तिघांना तो तृतीयक, ही वहिवाट आज महाविद्यालयीन विद्यार्थी चार ओळींत पाठ करून मोकळा होतो. परंतु हिचा उगम एका धाडसी भाकितात आहे, हे क्रमिक पुस्तके सहसा सांगत नाहीत.

मारबुर्ग येथील हेर्मान कोल्बे याने १८६० च्या सुमारास असे प्रतिपादन केले की, परिचित अल्कोहोलांखेरीज आणखी दोन जाती, म्हणजे द्वितीयक आणि तृतीयक, संभवतात, आणि ऑक्सिडीकरण केले असता त्यांपैकी द्वितीयक जातीपासून अल्डिहाइड न मिळता कीटोन मिळेल. दोनच वर्षांत पॅरिसच्या फ्रीडेलने ऍसिटोनपासून आयसोप्रोपिल अल्कोहोल सिद्ध केले आणि भाकिताचा अर्धा भाग खरा ठरला.

उरलेला अर्धा भाग व्होल्गाकाठच्या काझान विद्यापीठात पुरा झाला. तेथील अलेक्सांद्र बुटलेरोव्ह याने हवा लागताच पेट घेणारे डायमिथिल झिंक हाताळण्याची जोखीम पत्करली, ऍसिटिल क्लोराइडशी त्याची विक्रिया घडविली, निष्पन्न पदार्थाचे पाण्याने विघटन केले, आणि १८६४ च्या सुमारास तृतीयक ब्यूटिल अल्कोहोल हाती आणले. कापरासारख्या वासाचा हा पदार्थ सुमारे २५ अंश सेल्सियसला वितळतो, त्यामुळे आपल्याकडेही थंडीच्या दिवसांत तो बाटलीतच गोठून बसतो. हायड्रॉक्सिल गट धारण करणाऱ्या त्याच्या कार्बनापाशी एकही हायड्रोजन शिल्लक नसल्यामुळे कार्बनांची साखळी तोडल्यावाचून त्याचे ऑक्सिडीकरण होत नाही. केवळ कागदावरची वाटणारी श्रेणी अशी प्रत्यक्ष गुणधर्मांत उतरली.

बुटलेरोव्हने हा खटाटोप केवळ कोल्बेचे म्हणणे पडताळण्यासाठी केला नव्हता. अणू कोणत्या क्रमाने परस्परांना जोडलेले आहेत ते रासायनिक विक्रियांवरून निश्चित करता येते, हा जो संरचनेचा सिद्धान्त त्याने १८६१ मध्ये श्पायर येथील सभेत मांडला होता, त्याला आधार म्हणून त्याला असे पदार्थ हवे होते. कोल्बेने मात्र संरचना-सूत्रांचा अखेरपर्यंत तिरस्कारच केला, आणि १८७७ मध्ये अणूंची अवकाशातील रचना मांडणाऱ्या व्हान्ट हॉफवर तर अशोभनीय शब्दांत टीका केली. भाकिताचा मान निःसंशय कोल्बेचा. परंतु कार्बनची श्रेणी त्याच्या शेजाऱ्यांवरून ठरविण्यामागची जी दृष्टी आपण आज वापरतो, ती माझ्या मते काझानच्या खात्यावरच जमा केली पाहिजे.