बंदुकीचा सुरक्षा-खटका: तो काय अडवतो आणि काय नाही

महाराष्ट्रातील शहरात वाढलेल्या माणसाने दुनळी बंदूक पाहिलेली असते ती बहुधा बँकेच्या दारातील रखवालदाराच्या खांद्यावर. पर्थच्या पूर्वेस सुमारे 600 किलोमीटरवरील कालगुर्ली या सोन्याच्या खाणींच्या नगरात अभियंता किंवा भूगर्भशास्त्रज्ञ म्हणून आल्यावर तीच बंदूक त्याला सहकाऱ्याच्या सुट्टीच्या छंदात भेटते. पश्चिम ऑस्ट्रेलियात हौशी बदकशिकारीस 1990 पासून बंदी आहे. त्यामुळे छर्ऱ्यांच्या बंदुकीचा वापर मुख्यतः हवेत फेकलेल्या मातीच्या तबकड्या फोडण्यासाठी, आणि नगराबाहेरच्या पशुपालनाच्या जमिनींवर ससे-कोल्ह्यांच्या बंदोबस्तासाठी होतो. निमंत्रण आले की नवागताचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: 'सेफ्टी लावलेली आहे ना?' प्रश्न स्वाभाविक आहे. मात्र जाणकार नेमबाज त्याच्या उत्तरावर विसंबत नाही.

याचे कारण खटक्याच्या जन्मातच आहे. जुन्या बंदुकीचे घोडे बाहेर असत. घोडा चढलेला आहे की उतरलेला, हे दहा पावलांवरूनही दिसे. 1875 मध्ये बर्मिंगहॅमच्या अ‍ॅन्सन आणि डीली यांनी घोडे आत दडवणारी रचना सिद्ध केली. नळ्या खाली मोडून बंदूक उघडली की घोडे आपोआप चढत. सोय झाली, पण डोळ्यांना मिळणारी सूचना गेली. दस्त्याच्या गळ्यावर अंगठ्याने सरकवायचा खटका त्या अदृश्य धोक्यावरील उपाय म्हणून रूढ झाला.

हा खटका बहुतेक दुनळी बंदुकांत केवळ चाप अडवतो. घोडा मात्र ताणलेल्या स्प्रिंगच्या जोरावर, एका बारीक खाचेत टेकलेल्या अडणीच्या आधाराने, तसाच चढलेला राहतो. बंदूक दगडावर आदळली, किंवा खाच झिजलेली असली, तर चापाला स्पर्श न होताही घोडा सुटू शकतो. उंची बंदुकांत सुटलेल्या घोड्याला मध्येच धरणारी दुसरी अडणी असते; सर्वसाधारण बंदुकांत ती असेलच असे नाही. त्यात कालगुर्लीची लाल धूळ. तेलात मिसळून तिचा लेप झाला की सरकता खटका अर्ध्यातच थांबतो, आणि अर्ध्यावरच्या खटक्याचा भरवसा कोणी द्यावा?

दोन बंदुकांचे खटकेही सारखे वागत नाहीत. शिकारीच्या दुनळीत बंदूक उघडताच खटका आपोआप सुरक्षित स्थितीत परततो. स्पर्धेच्या बंदुकीत तो बहुधा हाताने लावावा लागतो, कारण विसरलेल्या खटक्यापायी तबकडी हुकते. काही स्पर्धक तर तो निकामीच करून घेतात. वरखाली नळ्यांच्या अनेक बंदुकांत तोच खटका आडवा सरकवून पहिली नळी कोणती हेही ठरवतात. स्वयंचलित बंदुकीत तो चापाजवळ आडव्या बटणाच्या रूपात असतो. एकीची सवय दुसरीवर नेणारा हात चुकणारच.

म्हणून क्लबांच्या मैदानांवर विश्वास ठेवला जातो तो उघड्या बंदुकीवर. मधून मोडलेल्या दुनळीचा बार उडूच शकत नाही, आणि नळ्या रिकाम्या आहेत हे शेजाऱ्यालाही दिसते. 'डाउन द लाइन' या ऑस्ट्रेलियात लोकप्रिय प्रकारात पाच नेमबाज ओळीने उभे राहतात. काडतूस भरायचे ते आपल्या खुणेवर, नळ्या मैदानाकडे असतानाच. पुढच्या खुणेकडे जाताना बंदूक उघडी आणि रिकामी. बंद बंदूक घेऊन मागे वळणे हा येथे अक्षम्य प्रमाद. चाप ओढूनही बार उडाला नाही, तर नळ्या समोर धरून निदान अर्धे मिनिट थांबतात, कारण उशिरा पेट घेणारे काडतूस अपरिचित नाही.

एका संकटावर तर कोणताच खटका उपयोगी नाही. 20 बोरचे काडतूस चुकून 12 बोरच्या नळीत गेले, तर ते घसरून पुढे अडकते. मागून पाहणाऱ्याला जागा रिकामीच भासते. त्यामागे 12 बोरचे काडतूस भरून चाप ओढला की नळी फुटते, तीही पुढचा हात असतो त्याच भागात. म्हणूनच 20 बोरची काडतुसे पिवळ्या रंगाची करतात, आणि दोन्ही जाती एकाच खिशात ठेवत नाहीत.

मोकळ्या रानात शिस्त सैल होते. तारेचे कुंपण ओलांडण्याआधी बंदूक रिकामी करावी, गाडीतून ती नळीच्या टोकाला धरून ओढू नये, इतके सर्वांना ठाऊक असते. अपघात घडतात ते दमलेल्या संध्याकाळी. सिंधुदुर्ग-रत्नागिरीत शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर ठासणीची बंदूक बाळगणाऱ्या घरांतून आलेल्यांना हे वेगळे सांगावे लागत नाही. ती बंदूक मोडून उघडता येत नाही. एकदा ठासली की भरलेलीच. अर्ध्यावर धरलेला घोडा आणि काढून ठेवलेली टोपी, एवढाच तिचा बंदोबस्त.

कायद्याचा रोखही खटक्यापेक्षा माणसावर आहे. 1996 मध्ये पोर्ट आर्थर येथे 35 जणांची हत्या झाल्यानंतर ऑस्ट्रेलियाने स्वयंचलित आणि पंप पद्धतीच्या शॉटगनवर कडक निर्बंध आणले, आणि आत्मसंरक्षण हे परवान्याचे कारण म्हणून अमान्य ठरवले. पश्चिम ऑस्ट्रेलियाचा 2024 चा नवा शस्त्र कायदा 31 मार्च 2025 पासून लागू आहे. हौशी शिकाऱ्यास पाच, शेतकरी व स्पर्धक यांस दहा शस्त्रांची मर्यादा त्यात आहे. सुरक्षा-प्रशिक्षण आणि आरोग्यतपासणीही आली. भारतात 2019 च्या दुरुस्तीने सर्वसाधारण परवानाधारकाची मर्यादा तीनवरून दोनवर आणली. घरी बंदूक कुलूपबंद पोलादी कपाटात आणि काडतुसे वेगळ्या कुलपात ठेवावी लागतात. कपाटातून काढलेली बंदूक दुसऱ्याच्या हाती देण्यापूर्वी ती उघडून रिकामी दाखवायची, आणि घेणाऱ्यानेही ती स्वतःच्या डोळ्यांनी पाहून घ्यायची, ही कालगुर्लीतील क्लबांची जुनी रीत आहे. त्यात कोणी कोणावर अविश्वास दाखवला असे मानले जात नाही.