हवानाच्या चिरुटावरील मोहोर

तुपाच्या डब्यावर सरकारी शिक्का दिसला की आपण निर्धास्त होतो. परंतु शिक्का मारायचा तो कोणासाठी? सरकारच्या तिजोरीसाठी, गिऱ्हाइकासाठी, की माल पिकवणाऱ्यासाठी? क्यूबा बेटावरील चिरुटाचा इतिहास या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. धूम्रपान शरीराला घातक आहे, तेव्हा त्याची भलावण करण्याचा येथे मुळीच हेतू नाही.

१४९२ मध्ये कोलंबसच्या माणसांनी या बेटावर तंबाखूची पाने गुंडाळून ओढणारे लोक पाहिले. पुढे बेट स्पेनच्या ताब्यात गेले आणि युरोपला तंबाखूची चटक लागली. जेथे चटक, तेथे कर आलाच! १७१७ साली स्पेनच्या राजाने हवाना येथे वखार घालून तंबाखूचा मक्ता स्वतःकडे घेतला. शेतकऱ्याने पीक वखारीलाच घालायचे, आणि भाव ठरवणार तीही वखारच. मग शेतकऱ्याने करायचे काय? १७१७, १७२० आणि १७२३ असा तीन वेळा तो उठला. तिसऱ्या उठावात पकडलेल्यांना देहदंड झाला आणि इतरांना दहशत बसावी म्हणून त्यांची प्रेते हवानाजवळ रस्त्याच्या कडेला टांगण्यात आली. मक्त्याच्या जोडीने चोरटा व्यापारही चालत राहिला. या ना त्या स्वरूपात टिकलेला हा मक्ता अखेर १८१७ साली उठला.

व्यापार मोकळा झाला आणि हवानाच्या चिरुटाचे नाव जगभर झाले. बेटाच्या पश्चिमेकडील पिनार देल रिओ प्रांतातले पान सर्वांत उत्तम मानले जाई. पण नाव मोठे झाले की नकला निघतातच. परक्या पानाचे चिरूट हवानाच्या नावावर खपू लागले. तेव्हा १८८९ साली राजाज्ञेने कारखानदारांच्या संघाला हमीची मोहोर वापरण्याची परवानगी मिळाली. १९१२ मध्ये स्वतंत्र क्यूबाने कायदा करून पेटीवर सरकारी हमीची पट्टी लावण्याची पद्धत सुरू केली. हिरव्या-पांढऱ्या रंगाची ही पट्टी पुढे प्रसिद्ध झाली. फरक ध्यानात घ्या. वखार होती ती राजाच्या उत्पन्नासाठी. ही पट्टी आली ती मालाची अब्रू राखण्यासाठी.

१९६० मध्ये क्रांतीनंतरच्या सरकारने कारखाने ताब्यात घेतले. १९६२ मध्ये अमेरिकेने क्यूबाच्या मालावर बंदी घातली. देश सोडून गेलेल्या काही मालकांनी आपली जुनी नावे बाहेर चालू ठेवली. त्यामुळे आज 'मोंतेक्रिस्तो' नावाचा एक चिरूट क्यूबात होतो, आणि त्याच नावाचा दुसरा डोमिनिकन प्रजासत्ताकात तयार होऊन अमेरिकेत राजरोस विकला जातो. नकली म्हणायचे कोणाला, हे असे कधी कायदा ठरवतो, तर कधी जमीन!

निव्वळ बनावट माल मात्र वेगळा. हवानाच्या रस्त्यावर परदेशी पाहुण्याला कोणी गाठतो आणि हळूच सांगतो, "भाऊ कारखान्यात आहे, स्वस्तात देतो." पेटी हुबेहूब, पट्टीही तशीच, आत मात्र हलक्या पानांचा चुरा. 'कोहिबा' हा चिरूट तर काचेच्या झाकणाच्या पेटीतही विकतात. खरा कोहिबा तशा पेटीत येतच नाही! अशा नकलांना आळा बसावा म्हणून पट्टीवर चकाकणारे खास चिन्ह आणि वाचनयंत्राने तपासता येणाऱ्या रेघाही आल्या.

आजही क्यूबातील शेतकरी पिकाचा फार मोठा भाग ठरलेल्या भावाने सरकारलाच देतो. १९९४ पासून जगभरची विक्री 'हबानोस' नावाच्या एकाच कंपनीकडे आहे. वळणाऱ्याची मजुरी कुठे आणि परदेशातल्या दुकानातली किंमत कुठे! बनावट माल करणाऱ्याचे पोट याच अंतरावर भरते. नवी मोहोर निघाली की तिची नक्कलही निघते. म्हणून शिक्षकांनी हा इतिहास मुलांना सांगताना दोन गोष्टी आवर्जून सांगाव्यात. पिकवणाऱ्याच्या आणि राबणाऱ्याच्या पदरात रास्त दाम पडला, तर माल चोरवाटेने जाण्याचे कारण उरत नाही. आणि गिऱ्हाइकाने शिक्क्याबरोबर मालही पारखायला शिकले पाहिजे.