किल्ला भाड्याने मिळेल, आसपास कोणी राहत नाही

  

यूकेत नोकरी करणाऱ्या आपल्या मित्रमंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर उन्हाळ्याच्या आधी एक लिंक हमखास फिरते. स्कॉटलंडच्या हायलँड्समधलं मोठं दगडी घर. आठ बेडरूम, सोळा जणांची सोय, बिलियर्ड रूम, फायरप्लेस, खाली तळं. आठवड्याचं भाडं बघून आधी पोटात गोळा येतो. मग ग्रुपमधला एक हिशेबी माणूस त्याला सोळाने भागतो आणि सगळे एकदम उत्साहात येतात. जाहिरातीत एक ओळ असतेच असते: मैलोन्‌मैल शेजारी नाही, फक्त शांतता.

आजचा एपिसोड या ओळीबद्दल आहे. ही शांतता आली कुठून?

आधी घर बघू. आपल्याकडचे किल्ले डोक्यात ठेवून गेलात तर गडबड होईल. यातल्या बऱ्याच ‘कासल’वर कधी तोफ डागलीच गेली नाही. बुरूज आहेत, पण शोभेचे. एकोणिसाव्या शतकात श्रीमंत लोकांनी शिकारीच्या सुट्टीसाठी बांधलेली ही घरं, म्हणजे शूटिंग लॉज. आत फिरताना ते कळतंच. दाराजवळ गन रूम असते, जिथे आता वायफायचा राउटर आणि छत्र्या असतात. ओले कपडे वाळवायची वेगळी खोली असते. मागच्या बाजूला जाळीच्या खिडक्यांची एक थंड खोली आणि छताला लोखंडी आकडे, मारलेली हरणं टांगायला. स्वयंपाकघराबाहेर घंटांची रांग, कुठल्या खोलीतल्या साहेबाने बोलावलं ते नोकरांना कळावं म्हणून. मी कोड लिहून पोट भरतो, त्यामुळे मला हे बघून लेगसी सिस्टिमच आठवते. वापरणारे बदलले, काम बदललं, पण जुना भाग काढायची कोणाची हिंमत नाही.

आणि ही घरं भाड्याने देणं हा काही एअरबीएनबीचा शोध नाही. ती बांधली जात होती तेव्हाच भाड्याने जात होती. 12 ऑगस्टला ग्राउज नावाच्या रानपक्ष्याच्या शिकारीचा हंगाम उघडतो. लंडनचे पैसेवाले त्या सुमारास उत्तरेला निघायचे आणि दोन-अडीच महिन्यांसाठी अख्खं घर घ्यायचे, सोबत डोंगर, नदी, नोकर, कुत्रे सगळं. रेल्वे आली तशी ही गर्दी वाढली.

यातलं सगळ्यात गाजलेलं बुकिंग राणी व्हिक्टोरियाचं. 1847 मध्ये ती आणि प्रिन्स अल्बर्ट लॉख लॅगनच्या काठी आर्डव्हेरिकीला राहिले. पावसाने पार वाट लावली. त्याच वेळी डी नदीच्या खोऱ्यात मात्र छान ऊन होतं. राजवैद्य सर जेम्स क्लार्क यांचंही मत होतं की तब्येतीला कोरडी हवा हवी तर डीसाइडच बरं. तिथल्या बालमोरलचा भाडेकरू होता सर रॉबर्ट गॉर्डन. त्याच वर्षी हा गृहस्थ अचानक गेला. नाश्त्याला मासे खाताना काटा घशात अडकला असं सांगतात. त्याचा भाडेकरार शिल्लक होता, तो राजघराण्याने घेतला. घर न बघता, बरं का! जेम्स जाइल्स या चित्रकाराची जलरंगातली चित्रं बघून. फोटो बघून बुकिंग करतो आपण, तसंच.

8 सप्टेंबर 1848 ला दोघं पहिल्यांदा तिथे पोचले आणि प्रेमातच पडले. 1852 मध्ये इस्टेट विकत घेतली, 1853 मध्ये नव्या घराचा पायाचा दगड बसवला, 1856 पर्यंत नवं बालमोरल उभं राहिलं आणि जुनं पाडून टाकलं. राणीने केलं म्हटल्यावर फॅशन झाली. पुढे अँड्र्यू कार्नेगी, अमेरिकेतला पोलादसम्राट, वर्षानुवर्षं उन्हाळ्यात क्लूनी कासल भाड्याने घेत होता, मग 1898 मध्ये त्याने स्किबो कासल विकतच घेतला. आधी भाड्याने राहून बघा, आवडलं तर घ्या. बालमोरल इस्टेटीवरची काही कॉटेजेस आजही सुट्टीसाठी भाड्याने मिळतात.

आता एक भाडेकरू असा, ज्याच्याबद्दल वाचून मी थोडा वेळ गप्प बसलो. महाराजा दुलीपसिंग. रणजितसिंगांचा धाकटा मुलगा. 1849 मध्ये इंग्रजांनी पंजाब घेतला तेव्हा वय जेमतेम दहा-अकरा. राज्य गेलं, कोहिनूर गेला, आईपासून तोडलं आणि गंगेकाठी फतेहगडला ठेवलं. आपल्या दुसऱ्या बाजीरावाला 1818 नंतर पेन्शन देऊन गंगेकाठीच बिठूरला बसवलं होतं, तोच पॅटर्न. 1854 मध्ये दुलीपसिंग इंग्लंडला गेला आणि 1855 पासून दोन-तीन वर्षं पर्थशायरमधला कासल मेंझीस त्याच्यासाठी भाड्याने घेतलेला होता. हा मात्र जुना, सोळाव्या शतकातला खरा बुरुजांचा वाडा. तिथे हा पोरगा हायलँडचा पोशाख घालून शिकारी करायचा. लोक त्याला ‘पर्थशायरचा काळा राजपुत्र’ म्हणायचे. इकडे 1857 चा उठाव झाला, त्यात फतेहगडचं त्याचं घर लुटलं गेलं, आणि हा तिकडे स्कॉटलंडमध्ये. ज्याचं स्वतःचं राज्य काढून घेतलं, तो दुसऱ्याच्या किल्ल्यात भाडेकरू, आणि खर्चाला पैसे ज्यांनी राज्य घेतलं त्यांच्याच पेन्शनीचे. सुट्टीचं घर म्हणायचं की सोन्याचा पिंजरा, तुम्हीच ठरवा.

बरं, आता शांततेकडे.

हायलँड्स कायम रिकामे होते असं आपल्याला वाटतं, कारण फोटोत तसं दिसतं. पण या दऱ्यांमध्ये गावं होती, गेलिक बोलणारी माणसं होती, गुरं होती. ही माणसं पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहत, पण जमीन कुळप्रमुखाच्या, म्हणजे पुढे जमीनदाराच्या नावावर. म्हणजे तीही भाडेकरूच! अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून जमीनदारांच्या लक्षात आलं की माणसांपेक्षा मेंढ्या जास्त भाडं देतात. मग गावं उठवायला सुरुवात झाली. याला हायलँड क्लिअरन्सेस म्हणतात. कोणी किनाऱ्यावरच्या खडकाळ तुकड्यांवर ढकलले गेले, कोणी ग्लासगोला, कोणी जहाजाने कॅनडाला. किनाऱ्यावर मिळालेला तो छोटा तुकडा म्हणजे क्रॉफ्ट, आणि तो कसणारा क्रॉफ्टर. पोट भरायला त्याला मासेमारीही करावी लागायची.

पुढे ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडची लोकर स्वस्तात यायला लागली आणि मेंढ्यांचा धंदाही बसला. तेव्हा त्याच जमिनी जमीनदारांनी शिकारीसाठी द्यायला सुरुवात केली. अशा जमिनीला ‘डिअर फॉरेस्ट’ म्हणतात. नावात फॉरेस्ट, प्रत्यक्षात झाड औषधालाही नाही, उघडा डोंगर आणि हरणं. पहिल्या महायुद्धाच्या आधी असे डिअर फॉरेस्ट सुमारे 35 लाख एकरांवर होते. आधी माणसं, मग मेंढ्या, मग हरणं. शिकारीचं लॉज हे या साखळीचं शेवटचं टोक. म्हणजे भाडेकरू दोन प्रकारचे: एक पिढ्यान्‌पिढ्या राहणारा, आणि एक वर्षातून दोन महिने येणारा. जमीन दुसऱ्यासाठी मोकळी केली गेली, कारण त्याचा चेक मोठा होता.

याचं एक उदाहरण जरा सविस्तर सांगतो, कारण त्यात आपली मुंबईपण आहे.

स्कॉटलंडच्या वायव्येला लुइस नावाचं बेट आहे. 1844 मध्ये ते अख्खं बेट जेम्स मॅथेसन नावाच्या माणसाने विकत घेतलं. पैसे कुठून आले? चीनला अफू विकून. जार्डिन-मॅथेसन कंपनीतला हाच तो मॅथेसन. आणि ती अफू जायची कुठून? माळव्यात पिकलेली बरीचशी मुंबई बंदरातून. मुंबईतले त्यांचे मोठे भागीदार होते जमशेटजी जीजीभॉय. हो, जे. जे. हॉस्पिटलवाले. 1844 मध्ये बेटाची खरेदी, 1845 मध्ये मुंबईत जे. जे. सुरू. एकाच धंद्याच्या पैशातून भायखळ्याला दवाखाना उभा राहिला आणि लुइसवर स्टॉर्नोवे गावासमोर मॅथेसनचा लूज कासल. त्या कासलच्या इमारतीतही अलीकडे पाहुण्यांना राहायच्या खोल्या निघाल्यात, बाजूला संग्रहालय आहे.

मॅथेसन निव्वळ खलनायक होता असं नाही. 1846 पासून बटाट्याचं पीक सडलं, उपासमार झाली, तेव्हा त्याने धान्य आणवलं, कामं काढली. पण 1850 च्या दशकात भाडं थकलेल्या अनेक कुटुंबांना त्यानेच जहाजात बसवून कॅनडाला पाठवलं. तिकीट त्याचं, निवड मात्र त्यांची कितपत होती, हा प्रश्न उरतोच.

1878 च्या शेवटी तो वारला, बेट त्याच्या बायकोकडे आलं. बेटाच्या दक्षिणेला पार्क नावाचा मोठा भाग आहे. तिथली गावं आधीच उठवून मेंढ्यांचं कुरण केलेलं होतं. कुरणाचा करार संपल्यावर परवडेना म्हणून नवा मेंढीवाला मिळेना. आसपासच्या गावांत दाटीवाटीने राहणाऱ्या, जमीन नसलेल्या लोकांनी विनंती केली: आम्हाला द्या, आम्ही भाडं भरतो, आमच्या आजोबा-पणजोबांची घरं तिथेच होती. लेडी मॅथेसनने नकार दिला. 1886 मध्ये पार्क डिअर फॉरेस्ट म्हणून इंग्लंडमधल्या प्लॅट नावाच्या एका कारखानदाराला भाड्याने गेलं.

गंमत बघा, म्हणजे गंमत कसली, त्याच 1886 मध्ये संसदेने क्रॉफ्टरांचा कायदा केला. ज्याच्याकडे क्रॉफ्ट आहे त्याला आता मनमानी हाकलता येणार नव्हतं, भाडंही वाजवी ठरवून मिळणार होतं. पण ज्याच्याकडे तुकडाच नाही त्याला काय? काही नाही. आपल्याकडे कूळकायदा झाला तेव्हा सातबाऱ्यावर नाव नसलेल्यांचं जे झालं, ते ज्यांनी घरात ऐकलंय त्यांना हे लगेच कळेल.

नोव्हेंबर 1887. मासळीला भाव नाही, घरात खायला नाही, आणि डोंगरावर साहेबाची हरणं. बलालन गावचा शाळामास्तर डॉनल्ड मॅक्रे याच्या पुढाकाराने बेत ठरला, आणि तोही गुपचूप नाही, उघडपणे. 22 तारखेला शेकडो माणसं बंदुका घेऊन पार्कात घुसली. हरणं मारली, होड्यांच्या शिडांचे तंबू केले, शेकोट्या पेटवल्या आणि मटण शिजवून खाल्लं. भाडेकरूची बायको, मिसेस प्लॅट, तेव्हा लॉजवर होती. ती त्यांना समजवायला गेली, तर आम्हाला इंग्रजी येत नाही असं सांगून लोक पुढे निघून गेले, अशी गोष्ट तिथे सांगतात. मला हा माणसांचा ॲटिट्यूड फार आवडतो.

सरकारने सैन्य पाठवलं. मास्तरसह सहा जणांवर दंगलीचा खटला भरला आणि जानेवारी 1888 मध्ये एडिनबराच्या कोर्टात तो चालला. ज्युरीने सगळ्यांना निर्दोष सोडलं! जमीन मात्र मिळाली नाही. सुटले आणि परत त्याच दाटीवाटीत आले. बलालनजवळ आज या घटनेचं दगडी स्मारक आहे.

जमीन मिळायला 2015 उजाडलं. 2003 च्या जमीन सुधारणा कायद्याने क्रॉफ्टरांच्या गावांना जमीन विकत घेण्याचा हक्क दिला, मालकाची इच्छा नसली तरी. त्या जोरावर पार्क भागातल्या क्रॉफ्टिंग जमिनीसाठी स्थानिकांच्या ट्रस्टने दहाहून जास्त वर्षं पाठपुरावा केला, आणि शेवटी ती त्यांच्या नावावर झाली.

हाच कायदा तुमच्या सुट्टीतही आडवा येतो, म्हणून सांगून ठेवतो. स्कॉटलंडमध्ये जबाबदारीने वागणाऱ्या कोणालाही बहुतेक सगळ्या जमिनीवरून चालत जायचा हक्क आहे. तुम्ही अख्खी इस्टेट आठवड्यासाठी घेतली असली तरी तळ्याकाठून जाणाऱ्या माणसाला ‘प्रायव्हेट प्रॉपर्टी’ म्हणून हटकायचं नाही. घराला लागून असलेली बाग तेवढी तुमची. शिवाय आता अशा घरांना थोड्या दिवसांसाठी भाड्याने द्यायला स्थानिक कौन्सिलचं लायसन्स लागतं, त्यामुळे बुकिंग करताना लायसन्स नंबर दिसतोय ना ते तपासा. बेडरूम मोजण्याआधी ते करा.

आणि जाणार असाल तर ऑर्डनन्स सर्व्हेचा नकाशा फोनवर आधीच डाउनलोड करून ठेवा, तिथे रेंजचा भरवसा नाही. घराच्या आसपास गेलिक नावं दिसतील, पण त्या नावांशेजारी घर नसेल. काही ठिकाणी जुन्या अवशेषांची खूण असेल. संध्याकाळी ऊन तिरपं झालं की त्या बाजूला चालत जा. गवतात समांतर उंचवटे दिसतात, एकाला लागून एक. ते बटाट्याचे आणि ओटचे जुने वाफे आहेत, हाताने घातलेले. शेवटचं पीक काढून दीड-दोनशे वर्षं झाली तरी ते अजून मोजता येतात.