शनवारचा घाणा
अलिबागनजीक नवगावच्या किनाऱ्याला गलबत फुटून जी सात जोडपी बचावली, त्यांचे वंशज म्हणून परंपरेने ओळखले जाणारे बेने इस्रायल ज्यू कुलाबा जिल्ह्यात गावोगावी तेल गाळीत. मात्र शुक्रवारी सूर्य मावळला की घाण्याची करकर थांबे, दुसऱ्या दिवशी बैल सावलीत रवंथ करीत बसे, आणि म्हणूनच शेजाऱ्यांनी त्यांना ‘शनवार तेली’ हे नाव मुक्रर केले. व्यवसायासोबत विश्रांतीचाही नावात समावेश व्हावा, हे मला फार मोलाचे वाटते. मुंबईच्या गिरणी-कामगारांना रविवारची सुटी मिळायला १८९० साल उजाडावे लागले, तेही नारायण मेघाजी लोखंडे यांच्या अविश्रांत खटपटीने. रात्री अकरालाही कचेरीचा तगादा सोसणारा, निद्रा हरपलेला, कामाच्या नुसत्या स्मरणाने छाती धडधडणारा आजचा सुशिक्षित नोकरदार पाहिला, की जू उतरवलेला तो बैल डोळ्यांपुढे येतो.