शिंदे घाट : दुरुस्ती की नवी बांधणी?

जुना व्हिडिओ गेम बंद पडला की घरात दोन पक्ष पडतात. एक म्हणतो दुरुस्त करू, दुसरा म्हणतो नवा आणू. दोष नेमका कुठे आहे, हे विचारायचे मात्र दोघेही विसरतात. आतला एखादा कपॅसिटर सुकला असेल, तर थोड्या खर्चात संच पुन्हा चालू लागतो. पण दोष जादा व्होल्टेज देणाऱ्या अडॅप्टरमध्ये असेल, तर दुरुस्त केलेला संच जळतो आणि नवा आणलेलाही जळतो. वास्तूंच्या बाबतीत हाच प्रश्न किती गहन होतो, हे वाराणसीच्या शिंदे घाटाच्या इतिहासात दिसते.

मणिकर्णिकेला लागून असलेला हा घाट १८३०च्या सुमारास बायजाबाई शिंदे यांनी बांधविला. कागलच्या घाटगे घराण्यातील ही कन्या दौलतराव शिंदे यांची पत्नी. १८२७ मध्ये दौलतरावांच्या निधनानंतर १८३३ पर्यंत ग्वाल्हेरचा कारभार त्यांनी पाहिला. काशीत ज्ञानवापीच्या विहिरीभोवतीचा स्तंभमंडपही त्यांनीच उभारला. शिंदे घाट मात्र टिकला नाही. दगडी बांधकामाचे प्रचंड वजन घेऊन तो नदीकडे खचला, आणि हे खचणे अजून थांबलेले नाही, अशी नोंद इंग्रजी प्रवासी मार्गदर्शकांतही आली.

दोष कारागिरांचा होता काय? घाटांसाठी वापरला जाणारा चुनारचा वालुकाश्म उत्तम प्रतीचा असतो. कारण दगडाखाली शोधावे लागते. वाराणसीजवळ गंगा वळण घेते आणि शहर त्या वळणाच्या बाहेरच्या काठावर वसले आहे. बाहेरच्या काठाशी प्रवाह वेगवान असतो व पायथ्याची माती खरवडून नेतो; समोरच्या काठावर वाळू साचत जाते. पावसाळ्यात नदीची पातळी कित्येक मीटर चढते आणि काठाची माती पाण्याने संपृक्त होते. पूर असेपर्यंत बाहेरचे पाणी काठाला टेकू देते. पूर ओसरताच तो टेकू नाहीसा होतो, पण मातीच्या कणांमधले पाणी तितक्या वेगाने निघत नाही. त्या पाण्याचा दाब कणांची परस्परांवरील पकड सैल करतो. अशा वेळी माथ्यावर जड बांधकाम आणि पायथ्याशी पोकळी असेल, तर उतार घसरतो. धोका ऐन पुरापेक्षा पूर उतरताना अधिक असतो.

हे गणित बायजाबाईंच्या काळी कोणालाच उपलब्ध नव्हते. मृदायांत्रिकीला शास्त्राचे रूप देणारा कार्ल टेर्झागी यांचा ग्रंथ १९२५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानंतर बारा वर्षांनी, १९३७ मध्ये, ग्वाल्हेरच्या शिंदे घराण्याकडून घाटाची पुनर्बांधणी झाली.

त्याच दशकात इटलीत दुरुस्तीचा एक प्रयोग फसला. पिसाचा मनोरा सावरण्यासाठी १९३४ मध्ये त्याच्या पायात सिमेंटचे मिश्रण भरण्यात आले आणि मनोरा आणखी कलला. पुढे १९९० मध्ये तो लोकांसाठी बंद करण्यात आला. अभियंत्यांनी उंच राहिलेल्या बाजूखालची माती थोडी थोडी काढली. कल सुमारे अर्ध्या अंशाने कमी झाला आणि २००१ मध्ये मनोरा पुन्हा खुला झाला. वास्तू तीच राहिली. दुरुस्त झाली ती जमीन.

शिंदे घाटापाशी हा प्रश्न आजही जिवंत आहे. पायथ्याशी रत्नेश्वर महादेवाचे मंदिर कललेले उभे आहे. त्याचा कल सुमारे नऊ अंश सांगितला जातो. पिसाचा आज सुमारे चार अंश आहे. मग मंदिर पडत का नाही? समजा, त्याचा गुरुत्वमध्य पायापासून ५ मीटर उंचीवर आहे. नऊ अंशांच्या कलाने तो बाजूला सरकेल जेमतेम ०.८ मीटर. गुरुत्वमध्यातून सोडलेला ओळंबा पायाच्या आत पडतो, तोवर वास्तू केवळ कलामुळे उलटत नाही. खरी चिंता कलाच्या आकड्यापेक्षा त्याच्या वाढीची असते. कल स्थिर असेल, तर मंदिर सरळ करण्याचा उत्साह घातक ठरू शकतो. वाढत असेल, तर स्वस्थ बसणे घातक. मंदिर उतरवून त्याच जागी नवे बांधले, तरी माती आणि नदी तीच राहणार.

म्हणून दुरुस्ती की नवी बांधणी, हा वाद मोजमापानंतरचा आहे. वर्षानुवर्षे कलाची नोंद, मातीतील पाण्याचा दाब आणि पायथ्याची झीज हे तीन आकडे हाती नसताना घेतलेला कोणताही निर्णय, कितीही भक्तिभावाने घेतला, तरी अंदाजच असतो. बायजाबाईंना हे आकडे मिळण्याची सोय नव्हती. आपल्याला आहे.