अंगठा, जिहगीर आणि दोरीचा फास

चाकण म्हटले की आज कारखाने, कंटेनर आणि वाहतूककोंडी आठवते. इतिहासाची आवड असणाऱ्यांना १६६० आठवते. शाइस्ताखानाच्या फौजेने संग्रामदुर्गाला वेढा घातला. फिरंगोजी नरसाळा यांनी तो भुईकोट भर पावसाळ्यात जवळपास दोन महिने लढवला. शेवटी सुरुंगाने बुरूज उडाला आणि किल्ला पडला. या लढाईला आज सर्रास हिंदू-मुस्लिम युद्धाचा रंग दिला जातो. म्हणून मला त्या काळातल्या एका हत्याराकडे, धनुष्याच्या दोरीकडे, लक्ष वेधायचे आहे.

मुघल तिरंदाज दोरी अंगठ्याने ओढत. अंगठ्याचा आकडा करून तो दोरीत अडकवायचा आणि वरून तर्जनीने दाबून धरायचा. तर्जनी सैल केली की दोरी अंगठ्यावरून निसटते. अंगठा सोलवटू नये म्हणून त्यात एक कडे घालत, त्याचे नाव जिहगीर. फार्सीत जिह म्हणजे धनुष्याची दोरी, गीर म्हणजे धरणारा. तीन बोटांनी ओढलेली दोरी सुटताना बोटांच्या टोकांवरून घरंगळते, थोडी बाजूला सरकते. कड्याच्या अरुंद कडेवरून ती त्यामानाने सरळ सुटते.

मग ही युक्ती मुसलमानांची म्हणायची का? महाभारतात द्रोणाचार्यांनी एकलव्याकडे उजव्या हाताचा अंगठाच मागितला. दोरी बोटांनी ओढत असती, तर अंगठा गेल्याने एवढे नुकसान झाले नसते. म्हणजे अंगठ्याची ही पकड मुघलांच्या फार आधीपासून इथे ओळखीची असावी.

२०२३ मध्ये बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे कंपाउंड प्रकारात विश्वविजेते झाले. या प्रकारात दोरीला बोट लागतच नाही. दोरीच्या मध्यावर, बाणाच्या खाचेमागे, इंग्रजी डी अक्षरासारखा छोटा फास बांधतात. हातातल्या रिलीजचा आकडा त्या फासात अडकवून ओढतात. आकडा उघडला की फास दोरीबरोबर सरळ पुढे जातो; दोरीला पीळ बसत नाही. जिहगीरने जे साधायचे, तेच इथे अधिक नेमकेपणाने साधते.

अदितीच्या विजयाच्या मराठी बातम्यांत तिला ‘तिरंदाज’ म्हटले गेले. शब्द फार्सी आहे, अर्थ तीर टाकणारा. तो वाचताना कुणालाही परका वाटला नाही. चाकणच्या वेढ्यावर बोलतानाही आपण एवढा सहजपणा ठेवायला हवा.